मतदार यादीत नाव: कायद्यातल्या सवलती कोणत्या आणि त्या कशा वापरायच्या

मतदार ओळखपत्र खिशात आहे, म्हणून मतदान करता येईलच असं नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ सांगतं की ज्याचं नाव त्या मतदारसंघाच्या यादीत आहे, त्यालाच मत देता येतं. कार्ड हरवलं तर आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक अशा इतर ओळखपत्रांवर काम भागतं. यादीत नाव नसेल तर मात्र काहीच दाखवून उपयोग नाही. म्हणून सगळी मेहनत यादीतल्या त्या एका ओळीसाठी करायची आहे.

या ओळीबाबत कायदा नागरिकाच्या बाजूने बराच झुकलेला आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा आणि १९६० चे मतदार नोंदणी नियम, या दोन कागदांत अठरा पूर्ण होण्याआधी अर्ज करण्याची सोय आहे, पत्त्याचा पुरावा नसलेल्यांसाठी वाट आहे, नोटीस न देता नाव उडवायला मनाई आहे आणि दोन पायऱ्यांचं अपील आहे. अडचण एवढीच की यातलं काहीही आपोआप घडत नाही. योग्य नमुन्यात, योग्य वेळी अर्ज पडला तरच पुढचं चक्र फिरतं.

वय: आता वर्षात चार तारखा

राज्यघटनेच्या कलम ३२६ मध्ये मतदानाचं वय पूर्वी २१ होतं. ६१ व्या घटनादुरुस्तीने ते १९८९ पासून १८ झालं. पण अठरा पूर्ण झाले तरी लगेच नाव लागत नसे, कारण वय मोजायची अर्हता तारीख वर्षातून एकच होती, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावं लागे, आणि मध्ये निवडणूक आली तर ती हातची जाई.

२०२१ च्या निवडणूक कायदे (सुधारणा) अधिनियमाने हे बदललं. १ ऑगस्ट २०२२ पासून अर्हता तारखा चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. म्हणजे १५ मे २००८ ला जन्मलेली मुलगी १ जुलै २०२६ च्या तारखेला पात्र ठरते. बरोबर १ जुलैला जन्मलेलीही त्याच तारखेला पात्र होते. २ जुलैची असेल तर १ ऑक्टोबर.

याला जोडून दुसरी सवलत आहे. सतरा पूर्ण झाले की पुढच्या अर्हता तारखांसाठी आगाऊ अर्ज करता येतो. तो अर्ज जपून ठेवला जातो आणि संबंधित तिमाही आली की त्यावर निर्णय होतो. बारावीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांना हे लागू पडतं. कॉलेजातल्या शिक्षकांनी वर्षातून एकदा वर्गात एवढं सांगितलं तरी शेकडो नावं वेळेत लागतील.

पत्ता: «सर्वसाधारण रहिवासी» म्हणजे काय

वय सोपं असतं. खरी गाठ पत्त्याशी पडते. कायदा म्हणतो की अर्जदार त्या मतदारसंघातला सर्वसाधारण रहिवासी असावा, आणि त्याचा अर्थ १९५० च्या कायद्याच्या कलम २० मध्ये दिला आहे (पुढची कलमंही याच कायद्याची). त्यातल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. गावी वडिलोपार्जित वाडा आहे, पण तुम्ही दहा वर्षं ठाण्यात राहता, तर तुमचं नाव ठाण्यात हवं. गावातलं नाव ठेवून शहरातही नाव लावणं हा गुन्हा आहे. कलम १७ आणि १८ नुसार एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि तिथेही एकदाच असू शकतं. अर्जात खोटं लिहिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

दुसरी गोष्ट याच्या उलट दिशेची. राहत्या ठिकाणाहून तात्पुरतं बाहेर गेल्याने रहिवास संपत नाही. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणारं बीडचं कुटुंब आपल्या गावचंच रहिवासी राहतं. पडताळणी हंगामात झाली आणि घराला कुलूप दिसलं, म्हणून «स्थलांतरित» असा शेरा मारून नाव वगळणं कायद्याला धरून नाही. असा शेरा पडलाच तर कलम २०(१अ) चा उल्लेख करून लेखी हरकत घ्यावी. ग्रामपंचायतीत, शाळेत, शेजारी अशी माहिती सांगणारी माणसं असतातच. निघण्यापूर्वी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला, म्हणजे बीएलओला, कुठे आणि किती महिन्यांसाठी जातोय ते सांगून ठेवलेलं चांगलं.

भाड्याने राहणाऱ्यांची भीती वेगळी असते: घरमालक नाव लावू देणार नाही. मालकाची ना-हरकत हा नोंदणीच्या कागदपत्रांत कुठेही नाही. नोंदणी केलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो, आणि महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारकच आहे. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार असला तरी चालतो. साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला करार मात्र पुराव्यांच्या यादीत बसत नाही, आणि पुण्या-मुंबईत अर्ज अडकण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

कोणता नमुना भरायचा

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून सावकाश वाचा.

नमुना ६ फक्त नव्या मतदारासाठी आहे, म्हणजे ज्याचं नाव देशात कुठल्याच यादीत नाही त्याच्यासाठी. नाव आधीपासून आहे पण घर बदललं, तर नमुना ८. लग्नानंतर सासरी गेलेल्या मुलीचं माहेरी नाव असेल तर तिलाही नमुना ८ च लागतो, ६ नाही. घर त्याच मतदारसंघात बदललं असो की दुसऱ्या जिल्ह्यात, नमुना तोच. पूर्वी यासाठी ८अ हा वेगळा नमुना होता, तो २०२२ मध्ये बंद झाला. जुने छापील गठ्ठे अजून कुठे दिसले तर वापरू नका.

नमुना ८ मध्ये चार कामं होतात: पत्ता बदल, नोंदीतली दुरुस्ती, हरवलेल्या किंवा खराब झालेल्या कार्डाऐवजी नवं कार्ड, आणि दिव्यांग म्हणून नोंद. अर्जात वरच कोणतं काम हवं ते निवडावं लागतं. दिव्यांग नोंदीकडे लोक दुर्लक्ष करतात, पण ती असेल तर मतदानाच्या दिवशी व्हीलचेअरसारख्या सोयींचं नियोजन आधी होतं. शिवाय ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना, तसंच ८५ च्या पुढच्या ज्येष्ठांना, नमुना १२ड भरून घरून टपाली मत देता येतं. तो मात्र निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत द्यावा लागतो.

नमुना ७ हरकतीचा आहे: घरातलं कुणी वारलं असेल तर नाव काढण्यासाठी, किंवा यादीत चुकीचं नाव आहे असं दाखवण्यासाठी. हरकत घेणारा त्याच मतदारसंघाचा मतदार असावा लागतो. नमुना ६अ परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकांसाठी आहे. नमुना ६ब आधार क्रमांक देण्यासाठी.

पत्ता बदलताना नमुना ६ भरला तर काय बिघडतं? अर्जाच्या शेवटी असलेल्या घोषणेत तुम्ही लिहून देता की माझं नाव दुसऱ्या कुठल्याही यादीत नाही. जुनं नाव तसंच असतं, आणि दोन्ही नोंदी संगणकाला सारख्या दिसतात. मग दुबार नावांच्या तपासणीत कधी जुनी नोंद जाते, कधी नवी. कधी खुलाशाची नोटीस येते ती जुन्या पत्त्यावर, आणि तुम्हाला काही कळतच नाही. नमुना ८ ने हे सगळं टळतं. कार्डावरचा क्रमांकही तोच राहतो.

कागद आणि फोटो

नोंदणीसाठी एक पैसाही लागत नाही. कागद तीन प्रकारचे लागतात.

फोटो पासपोर्ट आकाराचा, ४.५ बाय ३.५ सेंटिमीटर, रंगीत, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चेहरा समोर. त्यावर सही करायची नाही. ऑनलाइन भरताना फोटो आणि कागद प्रत्येकी २ एमबीपेक्षा लहान ठेवा. मोबाइलवर सेल्फी काढून चढवलेले फोटो पडताळणीत हमखास अडतात, कारण मागे भिंत किंवा पडदा दिसतो.

वयासाठी यातला कोणताही एक: जन्म दाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, जन्मतारीख असलेलं दहावी किंवा बारावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र, पासपोर्ट.

पत्त्यासाठी यातला एक: पाणी, वीज किंवा गॅसचं किमान वर्षभराच्या जोडणीचं बिल, आधार, राष्ट्रीयीकृत किंवा अनुसूचित बँकेचं अथवा पोस्टाचं चालू पासबुक, पासपोर्ट, महसूल विभागाचा जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार, किंवा स्वतःच्या घराचं नोंदणीकृत खरेदीखत. कागद तुमच्याच नावाचा असला पाहिजे असं नाही. आई, वडील, पती, पत्नी किंवा सज्ञान अपत्य त्याच पत्त्यावर मतदार असेल तर त्यांच्या नावाचा पुरावा चालतो. घरात वीजबिल वडिलांच्या नावावर असतं, म्हणून अठरा वर्षांची मुलं थांबून राहतात. थांबायची गरज नाही.

प्रत्येक प्रतीवर स्वतःची सही करायची. आणि एक सावधगिरी: आधार हा सगळ्यात सोपा कागद वाटतो, पण त्यावर जुना पत्ता असेल तर तो पत्त्याचा पुरावा म्हणून देऊ नका. अर्जात हडपसर आणि जोडलेल्या आधारवर लातूर असेल, तर तो अर्ज परत येतो. वयासाठी आधार द्या, पत्त्यासाठी दुसरा कागद.

आधार क्रमांक देणं ऐच्छिक आहे. अर्जात «आधार नाही» असा पर्याय असतो, आणि २०२१ च्या सुधारणेनेच कलम २३ मध्ये लिहिलं आहे की पुरेशा कारणाने आधार देता आला नाही म्हणून नाव घ्यायला नकार देता येणार नाही, असलेली नोंदही काढता येणार नाही. काउंटरवर कुणी «आधारशिवाय होणार नाही» म्हणालं तर याच कलमाकडे बोट दाखवा.

ऑनलाइन अर्ज भरताना

निवडणूक आयोगाचं पोर्टल वोटर्स डॉट ईसीआय डॉट जीओव्ही डॉट इन, किंवा मोबाइलवर आयोगाचं अधिकृत ॲप. मोबाइल क्रमांक टाकून ओटीपीने खातं उघडा, लॉगिन करा, नमुना ६ निवडा. राज्य, जिल्हा आणि विधानसभा मतदारसंघ विचारला जातो. मतदारसंघ अंदाजाने निवडू नका. शहरात एकाच रस्त्याच्या दोन बाजू दोन मतदारसंघांत असतात. शेजाऱ्याच्या कार्डावरून त्याचा मतदारसंघ आणि यादी भाग क्रमांक बघून घ्या.

पुढे नाव येतं, आणि इथे मराठी माणसाने डोळ्यांत तेल घालून बघायला हवं. अर्जात नाव इंग्रजीत टाकलं की शेजारच्या रकान्यात मराठी आपोआप उमटतं, आणि ते बरेचदा चुकतं. कोळीचा «कोली» होतो, काळेचा «काले», घाटेचा «घटे», बाणखेलेचा «बनखेले». ळ, ण आणि दीर्घ स्वर ही इंग्रजीतून न येणारी अक्षरं आहेत, त्यामुळे यंत्राचा नेम चुकतो. मराठी रकाना हाताने दुरुस्त करता येतो. तो न पाहता पुढे गेलात तर यादीत चुकीचं नाव छापलं जातं, पुढे शोधताना सापडत नाही, आणि दुरुस्तीसाठी नमुना ८ चा फेरा पडतो. वडिलांचं नाव, गल्ली, सोसायटी, गाव, सगळ्या मराठी रकान्यांना हेच लागू.

नात्याच्या रकान्यात वडील, आई, पती, पत्नी, पालक किंवा तृतीयपंथी अर्जदारासाठी गुरू असे पर्याय आहेत. विवाहित स्त्रीने पतीचंच नाव द्यावं असं बंधन नाही. लिंगाच्या रकान्यात तृतीयलिंगी हा स्वतंत्र पर्याय आहे.

कुटुंबातल्या आधीच्या मतदाराचा कार्ड क्रमांक विचारला जातो तो जरूर भरा. त्यामुळे तुमचं नाव त्याच यादी भागात, त्याच केंद्रावर लागतं. न भरल्याने एकाच घरातले दोघं दोन वेगवेगळ्या शाळांत मतदानाला जाताना दिसतात. या पत्त्यावर कधीपासून राहता ते महिना आणि वर्षासह लिहावं लागतं. जोडलेल्या करारावरची तारीख आणि ही तारीख जुळली पाहिजे.

अर्ज पूर्ण करताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपीने ई-स्वाक्षरी मागितली जाते, तेव्हा तो फोन जवळ ठेवा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी छापील नमुना बीएलओकडे किंवा तहसील कार्यालयातल्या निवडणूक शाखेत द्यावा. त्याची पोच घेतल्याशिवाय हलू नका. ऑनलाइन अर्जाला संदर्भ क्रमांक मिळतो, त्याचा फोटो काढून ठेवा. पुढचं सगळं त्यावर चालतं.

अर्ज दिल्यावर काय होतं

मतदार नोंदणी अधिकारी हा सहसा प्रांताधिकारी किंवा उपजिल्हाधिकारी दर्जाचा असतो, आणि तहसीलदार त्याचा सहायक. अर्ज आला की १९६० च्या नियमांतल्या नियम २६ नुसार त्याची प्रत कार्यालयात लावून सात दिवसांत हरकती मागवल्या जातात. त्याच काळात बीएलओ घरी येऊन पडताळणी करतो. हा बहुधा जवळच्या शाळेतला शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालिकेचा कर्मचारी असतो, आणि रोजचं काम सांभाळून फिरतो. त्यामुळे तो दुपारी येतो, घर बंद असतं, आणि «अर्जदार आढळला नाही» असा शेरा पडतो. शहरातले अर्ज फेटाळले जाण्याचं हे फार मोठं कारण आहे.

उपाय सोपा आहे. पोर्टलवर तुमच्या यादी भागाच्या बीएलओचं नाव मिळतं आणि त्याला फोनसाठी वेळही मागता येते. अर्ज केल्यावर दोन-तीन दिवसांत स्वतःहून बोला, घरी कधी असता ते सांगा. सोसायटी असेल तर वॉचमनला नाव सांगून ठेवा. फाटकावर «या नावाचं इथे कुणी राहत नाही» असं उत्तर मिळाल्याने अर्ज गेलेले आहेत.

मंजुरीनंतर यादीत नाव येतं, मग कार्ड टपालाने येतं. कार्डाची वाट बघत बसू नका. २५ जानेवारी २०२१ पासून ई-कार्ड उतरवून घेता येतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयोगाच्या शोध पानावर नाव, कार्ड क्रमांक किंवा मोबाइलवरून यादीतली नोंद बघता येते. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहून ठेवा. फोनवर विचारायचं असेल तर हेल्पलाइन १९५०.

ज्यांच्याकडे कागद नाहीत

नमुना ६ मध्येच नमूद आहे की पत्त्याचा कोणताही कागद नसलेल्या नागरिकांच्या बाबतीत, उदाहरणार्थ बेघर, अधिकारी प्रत्यक्ष जागेवर पडताळणी करवून घेईल. बेघर व्यक्तीने ती रात्री जिथे झोपते ती जागा पत्ता म्हणून लिहायची: अमुक पुलाखाली, तमुक देवळाच्या ओट्यावर. आयोगाच्या सूचनेप्रमाणे बीएलओने तिथे रात्री, एकाहून जास्त वेळा जाऊन ती व्यक्ती खरोखर तिथे झोपते का हे पाहायचं असतं. कागदाचा पुरावा मागायचा नसतो. संस्थांच्या कार्यकर्त्यांनी हे अर्ज भरताना जागेचं वर्णन जितकं नेमकं करता येईल तितकं करावं, जवळच्या दुकानाचं किंवा खांबाच्या क्रमांकाचं नाव घालावं. «स्टेशनजवळ» एवढंच लिहिलेला अर्ज टिकत नाही.

वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला निवड आहे: आईवडिलांच्या घरचा पत्ता किंवा वसतिगृहाचा. वसतिगृहाचा पत्ता हवा असेल तर अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा, आणि मुख्याध्यापक, प्राचार्य किंवा अधिष्ठाता यांचं बोनाफाइड प्रमाणपत्र जोडावं. शिक्षण संपून खोली सोडली की नमुना ८ भरून पत्ता हलवायला विसरू नका.

एक गठ्ठा अर्जांबाबत: कुटुंबातल्या एकाने सगळ्यांचे अर्ज नेऊन दिले तर चालतं. सोसायटीच्या सचिवाने किंवा कार्यकर्त्याने शंभर अर्ज एकदम टाकले तर घेतले जात नाहीत. राजकीय पक्षाच्या अधिकृत बूथ प्रतिनिधीलाही एरवी दिवसाला दहापेक्षा जास्त अर्ज देता येत नाहीत. शिबिर घ्यायचं असेल तर बीएलओलाच तिथे बोलवा.

शेवटची तारीख कधी

यादी वर्षभर अद्ययावत होत असते. मात्र कलम २३(३) नुसार उमेदवारी अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवसानंतर त्या निवडणुकीसाठी एकही नाव घेता येत नाही. प्रत्यक्षात त्याच्याही दहा दिवस आधीपर्यंत आलेल्या अर्जांचाच निपटारा होतो, कारण सात दिवसांची हरकतीची मुदत आणि पडताळणी त्यात बसवावी लागते. निवडणूक जाहीर झाल्याच्या आठवड्यात अर्ज टाकला तर चालेल, पण तो काठावरचा खेळ आहे.

महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या निवडणुकांत तर एवढीही सवड नसते. राज्य निवडणूक आयोग स्वतः मतदार नोंदत नाही. विधानसभेची यादी एका ठरावीक दिवशी जशी असेल तशी घेऊन तिची प्रभागनिहाय फोड करतो. महाराष्ट्रात २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नोंदणी केलेल्यांची नावं विधानसभेच्या यादीत होती, पण प्रभागाच्या यादीत नव्हती, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. प्रभाग यादीवरच्या हरकतीत नवं नाव घालून मिळत नाही. चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेलं नाव, लेखनिकाची चूक, एवढंच दुरुस्त होतं.

पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांच्या याद्या पूर्ण वेगळ्या असतात आणि दर निवडणुकीसाठी कोऱ्या कागदावर नव्याने तयार होतात. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं समजू नका. पदवीधरांसाठी नमुना १८, शिक्षकांसाठी नमुना १९, आणि अर्हता तारीख १ नोव्हेंबर. त्या तारखेच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली असावी. शिक्षकाने मागच्या सहा वर्षांत एकूण किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्याहून वरच्या संस्थेत शिकवलेलं असावं.

परदेशी राहणाऱ्यांनी नमुना ६अ भरला की पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव लागतं, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसेल तर. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं.

नाव गेलं किंवा अर्ज फेटाळला तर

तुम्ही त्या पत्त्यावर राहत नाही किंवा तुम्ही पात्र नाही, या कारणाने नाव काढायचं असेल तर कलम २२ प्रमाणे आधी तुमचं म्हणणं ऐकावंच लागतं. न विचारता नाव गेलं असेल तर पहिलं काम म्हणजे नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज देऊन तीन गोष्टी मागणं: नाव कोणत्या कारणाने वगळलं, नोटीस कधी आणि कोणत्या पत्त्यावर बजावली, आणि नमुना ७ कुणी भरला. हे कागद हाती आले की बाजू निम्मी मांडून होते. सोबत नमुना ६ किंवा ८ पैकी लागू पडेल तो अर्जही टाकून ठेवा, म्हणजे वेळ वाया जात नाही.

यादीचं सखोल पुनरीक्षण, म्हणजे घरोघर जाऊन यादीची नव्याने तपासणी, चालू असेल तेव्हा नियम बदलतात. घरोघर वाटलेला गणना अर्ज परत न दिल्यास नाव प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीतच येत नाही. बिहारमध्ये २०२५ साली अशी सुमारे ६५ लाख नावं प्रारूप यादीबाहेर राहिली. सर्वोच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२५ रोजी ती नावं कारणांसह जाहीर करायला सांगितली. अशा काळात प्रारूप यादी निघाली त्याच आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव तपासा, आणि नसेल तर दावे-हरकतींच्या मुदतीत नमुना ६ सोबत विहित घोषणापत्र जोडून द्या. त्या घोषणापत्रातले कागद नेहमीच्या यादीपेक्षा वेगळे असतात, म्हणून ते आधी वाचून मगच कागद गोळा करा.

सुनावणीची नोटीस आली तर जा. पुनरीक्षणातल्या निर्णयांबाबत नियम स्पष्ट आहे: म्हणणं मांडायची संधी मिळूनही न मांडणाऱ्याला अपील करता येत नाही. मूळ कागद आणि प्रती दोन्ही न्या, काय दाखवलं ते एका कागदावर लिहून त्यावर पोच घ्या.

निर्णय विरुद्ध गेला तर कलम २४ खाली पहिलं अपील जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, आदेशाच्या तारखेपासून १५ दिवसांत. तिथेही नकार मिळाला तर दुसरं अपील राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. दिवस आदेशाच्या तारखेपासून मोजले जातात, तुम्हाला कळल्यापासून नव्हे, म्हणून पोर्टलवर अर्जाची स्थिती दर दोन-तीन दिवसांनी बघत राहा. अपिलाला वकील लागत नाही. एका पानावर नाव, यादी भाग, कार्ड क्रमांक, अर्जाचा संदर्भ क्रमांक, आदेशाची तारीख, आदेश कोणत्या मुद्द्यावर चुकीचा आहे ते क्रमवार, आणि काय हवं ते एका वाक्यात. खाली सही, सोबत आदेशाची प्रत. अपील समक्ष द्या किंवा नोंद होणाऱ्या टपालाने पाठवा, आणि पावती आदेशाच्या प्रतीला टाचून ठेवा.